तळाशी कोरलेले नाव : जोसाया वेजवुड

लग्नात द्यायच्या भांड्यांवर नाव घालण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. पितळेची परात असो, तांब्याचा हंडा असो की पुढे आलेली स्टीलची ताटे-वाट्या, काठाजवळ ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरे असतात. कोणी, कोणाला, कोणत्या साली दिले ते त्यात लिहिलेले असते. माणसे जातात, पण त्यांची नावे फडताळात राहतात.

इंग्लंडमधल्या एका कुंभाराने याच्या उलट केले. भांडे दिले कोणी आणि घेतले कोणी याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. घडवले कोणी, हे मात्र लोकांना कळले पाहिजे असा त्याचा आग्रह होता. म्हणून भट्टीत जाण्यापूर्वी ओल्या मातीतच, भांड्याच्या तळाशी, तो आपल्या नावाचा ठसा उमटवी. त्या काळी तिकडचे बहुतेक कुंभार असे काही करत नसत. आज अडीचशे वर्षांनंतरही लग्नात भेट द्यायच्या उत्तम कपबश्या म्हटल्या की तिकडे ते नाव निघतेच. जोसाया वेजवुड हे ते नाव.

आपल्या रुखवतातली परात आणि ही बशी यांत एक मोठा फरक आहे. पितळेचे भांडे चेपले, जुने झाले तरी मोडीत घालता येते, धातूची किंमत कुठे जात नाही. मातीच्या बशीत मात्र माती जवळजवळ फुकटची, किंमत काय ती सगळी कारागिरीची आणि विश्वासाची. बशी फुटली की सारे संपले. अशा वस्तूला लग्नाच्या आहेरात मानाचे स्थान मिळवून देणे सोपे नव्हते. जोसायाचे आयुष्य म्हणजे या एका कामाची हकीकत आहे.

शेंडेफळ

स्टॅफर्डशायर परगण्यातल्या बर्सलेम गावी १७३० साली जोसायाचा जन्म झाला. घराणे पिढीजात कुंभारांचे. डझनभर भावंडांत हा सर्वांत धाकटा. गावात घरोघरी भट्ट्या. जमिनीत माती आणि कोळसा दोन्ही मिळत, त्यामुळे धंदा होता, पण बेताचा. काळी-तपकिरी, जाडजूड भांडी बनत आणि आसपासच्या बाजारांत विकली जात. रस्ते इतके वाईट की गाडी नीट चालत नसे. माल गवतात बांधून घोड्यांच्या पाठीवर लादत आणि वाटेत त्यातला बराचसा फुटे.

जोसाया नऊ वर्षांचा असताना वडील वारले. कारखाना थोरल्या भावाकडे गेला आणि शाळा सोडून हा मुलगा चाकावर बसला. हात चांगला होता, भांडे झरझर वर येई. पण अकरा-बारा वर्षांचा असताना गावात देवीची साथ आली. त्यातून तो वाचला, पण उजवा गुडघा कायमचा दुखरा झाला. त्या काळचे चाक पायाने फिरवावे लागे. ज्या पायावर त्याचा धंदा चालायचा, तोच पाय निकामी झाला.

एरवी असा मुलगा घरात ओझे झाला असता. जोसायाने चाक सोडले आणि मातीकडे पाहायला सुरुवात केली. कोणती माती कुठून येते, कोणती किती आच सोसते, झिलईत काय मिसळले म्हणजे कोणता रंग येतो, याचा विचार तो बसल्या बसल्या करू लागला. भावाकडे त्याने पाच वर्षे उमेदवारी केली. पुढे भावाने त्याला भागीदार करून घेतले नाही. हा सारखे नवेनवे प्रयोग करतो, त्यात धंदा बुडेल, असे थोरल्या भावाला वाटले असावे. १७५४ मध्ये थॉमस व्हील्डन या नामांकित कुंभाराने मात्र त्याला भागीदारीत घेतले आणि प्रयोगांना मोकळीक दिली. तिथेच जोसायाने प्रयोगांची वही घातली. प्रत्येक मिश्रणाला क्रमांक, त्यापुढे प्रमाण आणि निकाल. कृती बाहेर फुटू नये म्हणून नोंदी सांकेतिक लिपीत असत. १७५९ साली तो स्वतंत्र झाला आणि नातेवाइकांकडून एक लहानसा कारखाना भाड्याने घेऊन त्याने बर्सलेममध्येच भट्टी पेटवली.

चहाने आणलेली गरज

त्या वेळी इंग्लंडच्या घरांत जेवायला काय होते? गरिबाकडे लाकडी थाळी. मध्यम घरात कथलाच्या मिश्रधातूची ताटे, ती लवकर काळवंडत. श्रीमंताकडे चांदी आणि चीनमधून जहाजाने आलेली चिनी मातीची भांडी. मग चहा आला. धातूच्या पेल्यात चहा ओतला की हात आणि ओठ दोन्ही पोळत. चहाला मातीचीच भांडी हवीत, पण चीनची भांडी परवडत नाहीत आणि गावठी भांडी पाहुण्यांपुढे ठेववत नाहीत, अशी मध्यम घरांची अडचण झाली. आपल्याकडेही चहा आला तेव्हा पितळी पेल्यांवर भागेना आणि कपबशी घरात शिरली. सोवळ्याच्या घरांत ती बराच काळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर राहिली, पण राहिली.

ही अडचण जोसायाने नेमकी ओळखली. सायीच्या रंगाची माती स्टॅफर्डशायरमध्ये आधीपासून वापरात होती. पांढरी माती, भाजून दळलेली गारगोटी आणि वरून शिशाची झिलई. पण तिचा रंग दर भट्टीला बदले, झिलईला तडे जात, गरम पाणी ओतले की भांडे दगा देई. जोसायाने वर्षानुवर्षे प्रयोग करून रंग एकसारखा केला, अंग हलके केले आणि गरम-थंड सोसेल अशी झिलई बसवली. चीनच्या भांड्यांची नक्कल करण्याच्या भरीस तो पडला नाही. आपल्या गावच्या कलेला त्याने स्वच्छ, साधे रूप दिले.

सारा

१७६४ च्या जानेवारीत जोसायाचे लग्न झाले. वधू सारा हीसुद्धा वेजवुडच, लांबच्या नात्यातली. तिचे वडील चीजचे मोठे व्यापारी. मुलगी शिकलेली आणि माहेर सधन. पायाने अधू असलेल्या, नुकताच धंदा उभा करत असलेल्या कुंभाराला ती द्यायची तर पैशाची बाजू पक्की हवी, असा वडिलांचा हट्ट होता. वकिलांमार्फत देण्याघेण्याची बोलणी लांबत गेली आणि जोसाया अगदी जेरीस आला. लग्नाच्या बैठकी कुठल्याही देशात सारख्याच, असे हे वाचताना वाटते.

या लग्नात त्याला मिळालेली खरी भेट मात्र पैशाची नव्हती. साराने त्याची सांकेतिक लिपी शिकून घेतली आणि प्रयोगांच्या नोंदींत ती त्याला मदत करू लागली. आकार कसा दिसतो, भांडे हातात कसे बसते, घर चालवणारी बाई ते घेईल की नाही, हे सगळे तो तिला विचारी. महत्त्वाचे कोणतेही भांडे साराच्या पसंतीशिवाय पुरे होत नाही, हे त्याने आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रात मोकळेपणाने कबूल केले आहे. कारखान्यात तिचे नाव कुठे कोरलेले नाही, पण घरात मांडायच्या वस्तूला घरातलीच पारख लागते हे जोसायाला कळले ते तिच्यामुळे. या दांपत्याला आठ मुले झाली.

लग्नानंतर वर्षभराने, १७६५ मध्ये, राणी शार्लटकडून चहाच्या भांड्यांची मागणी आली. सायरंगी मातीवर सोनेरी जमीन आणि तीत उठावाची हिरवी फुले. काम इतके कटकटीचे की दुसरे कुणी अंगावर घ्यायला तयार नव्हते. जोसायाने ते घेतले आणि पुरे केले. त्याला राणीचा कुंभार म्हणवून घेण्याची परवानगी मिळाली आणि या भांड्यांना राणीचे नाव पडले. मग काय, सरदारांना तीच भांडी हवीशी झाली. सरदारांचे पाहून वकील, डॉक्टर, व्यापारी यांनाही तीच. जोसायाचे धोरण ठरलेले होते. आधी वरच्यांना चढ्या भावाने द्यायचे, नाव झाले की भाव उतरवून मध्यम घरांत जायचे.

पाय गेला, काम थांबले नाही

गुडघ्याचे दुखणे मधून मधून उसळी घेई. १७६२ मध्ये असाच तो लिव्हरपूलला आजारी पडला असताना डॉक्टरांनी त्याची थॉमस बेंटली या व्यापाऱ्याशी गाठ घालून दिली. बेंटली बहुश्रुत, रसिक, जग पाहिलेला. तो पुढे जोसायाचा भागीदार तर झालाच, पण त्याहून जिवाभावाचा मित्र झाला. जोसायाबद्दल आपल्याला जे बारीकसारीक माहीत आहे, त्यातले पुष्कळ या मित्राला लिहिलेल्या शेकडो पत्रांमुळे.

१७६८ च्या मे महिन्यात पाय कापण्याशिवाय इलाज उरला नाही. भूल देण्याचे शास्त्र अजून जन्माला यायचे होते. अफूचा अर्क घेऊन जोसाया खुर्चीत बसला आणि गुडघ्याच्या वर पाय कापला गेला तेव्हा शुद्धीवर होता. काही आठवड्यांत तो पुन्हा कामाला लागला. पुढे लाकडी पाय लावून तो कारखान्यात फिरे. एखादे भांडे उणे दिसले की लाकडी पायाने फोडून टाकी, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, उणा माल बाहेर जाऊ द्यायचा नाही, हा त्याचा कटाक्ष मात्र खराच होता. तळाशी नाव असल्यावर दुसरे काय करणार?

त्याच सुमारास दोन मोठी कामे चालू होती. पहिले कालव्याचे. रस्ते सुधारण्यापेक्षा पाण्यानेच माल न्यावा, म्हणजे फूटतूट होणार नाही, या विचाराने तो ट्रेंट आणि मर्सी या नद्या जोडणाऱ्या कालव्याच्या खटपटीत पडला. १७६६ मध्ये मंजुरी मिळाली. पहिली कुदळ त्यानेच मारली आणि कालव्याचे खजिनदारपण बिनपगारी सांभाळले. सुमारे १५० किलोमीटरचा हा कालवा १७७७ मध्ये पुरा झाला. दुसरे काम नव्या कारखान्याचे. कालव्याच्या काठी उभारलेल्या या कारखान्याला त्याने एट्रुरिया हे नाव दिले. १३ जून १७६९ रोजी तो सुरू झाला, तेव्हा बेंटलीने चाक फिरवले आणि जोसायाने स्वतःच्या हाताने पहिले कुंभ घडवले.

एट्रुरियात एका कारागिराने अथपासून इतिपर्यंत भांडे करण्याची जुनी रीत मोडली. घडवणारा वेगळा, कान बसवणारा वेगळा, झिलईत बुडवणारा वेगळा, रंगवणारा वेगळा. कामाच्या वेळा घंटेवर. यामुळे प्रत्येक बशी दुसऱ्या बशीसारखी होऊ लागली. कामगारांसाठी त्याने घरे बांधली. पण या धंद्यात गारगोटीची धूळ छातीत जाई आणि शिशाची झिलई अंगात भिनून माणसे आजारी पडत, हेही सांगितले पाहिजे. उजळ बशीची ही किंमत कारागीर देत होते.

मांडलेले टेबल

भांडी विकण्याची जोसायाची रीत आज आपल्या ओळखीची वाटेल, पण तेव्हा ती नवी होती. लंडनच्या आपल्या दालनात त्याने माल फळ्यांवर रचून ठेवला नाही. पूर्ण जेवणाचे टेबल मांडले, चहाचे टेबल मांडले आणि दर थोड्या दिवसांनी मांडणी बदलली, म्हणजे बायका पुन्हा पुन्हा पाहायला येतील. काळ्या मातीच्या चहादाण्या त्याने काढल्या, त्यात गोऱ्या हातांवर काळी चहादाणी उठून दिसते हाही हिशोब होता. चित्रांची पुस्तिका छापली. गावोगाव विक्रेते पाठवले. पोचवण्याचा खर्च आपला आणि माल पसंत नसेल तर परत, अशी हमी दिली.

नव्या जोडप्याच्या दृष्टीने याचा अर्थ फार मोठा होता. आकार आणि नक्षी ठरलेली असल्याने सगळा संच एकदम घेण्याची गरज उरली नाही. आज चहाची भांडी घ्यावी, पुढे सूपच्या बश्या, एखादी फुटली तर तीच पुन्हा मागवावी. जुळत्या भांड्यांचे टेबल ही पूर्वी राजवाड्यातली गोष्ट. ती आता वकिलाच्या, दुकानदाराच्या घरात आली आणि हळूहळू नव्या संसाराला लागणाऱ्या वस्तूंच्या यादीत जाऊन बसली.

याच काळात राजवाड्याचे सर्वांत मोठे कामही आले. रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिला पन्नास माणसांच्या जेवणाचा संच हवा होता. तिचा हा वाडा ज्या दलदलीत होता, तिला बेडकांची दलदल म्हणत, म्हणून प्रत्येक भांड्यावर हिरवा बेडूक काढायचा. शिवाय प्रत्येकावर ब्रिटनमधल्या खऱ्या ठिकाणाचे वेगळे दृश्य. एकूण ९५२ भांडी आणि १२२२ दृश्ये! त्यासाठी देशभरातले वाडे, बागा, किल्ले यांची चित्रे जमवावी लागली. १७७४ मध्ये संच तयार झाला आणि रशियाला पाठवण्यापूर्वी लंडनमध्ये लोकांना दाखवला. स्वतः राणी शार्लट पाहून गेली. जोसायाला एक काळजी मात्र लागून होती. ज्या सरदाराचा वाडा चित्रात नाही तो रुसेल, आणि ज्याचा वाडा लहान बशीवर आला तोही रुसेल. मानपानाचा हा प्रश्न आपल्याला नवा नाही. या कामात नफा फारसा झाला नाही, नाव मात्र युरोपभर झाले. आज हा संच सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे.

त्यानंतर हजारो प्रयोग करून त्याने फिक्या निळ्या रंगाची, वर पांढऱ्या उठावाच्या आकृत्या असलेली जास्पर नावाची माती सिद्ध केली. वेजवुड म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे येतो तो हाच निळा रंग. १७८० मध्ये बेंटली वारला. हा घाव जोसायाला मोठा बसला. तरी काम चालूच राहिले. भट्टीतली उष्णता मोजण्यासाठी त्याने स्वतः साधन तयार केले आणि १७८३ मध्ये रॉयल सोसायटीने त्याला सभासद करून घेतले. शाळा नऊ-दहाव्या वर्षी सुटलेल्या माणसाचा हा मान होता.

साखरदाणीतला प्रश्न

चहाबरोबर साखर आली. जोसायाच्या प्रत्येक चहासंचात साखरदाणी होती आणि ती साखर वेस्ट इंडीजमधल्या मळ्यांतून येई. तिथे आफ्रिकेतून पकडून, जहाजांत कोंबून आणलेले गुलाम राबत. सुंदर मांडलेल्या टेबलाच्या मध्यभागी ही गोष्ट झाकून ठेवलेली होती.

जोसाया या प्रश्नापासून दूर राहू शकला असता. त्याची गिऱ्हाइके बडी होती आणि त्यांतल्या कित्येकांचा पैसा याच व्यापारात गुंतलेला होता. तरी १७८७ मध्ये गुलामांचा व्यापार बंद करण्यासाठी लंडनमध्ये समिती स्थापन झाली, तेव्हा तो तिच्यात शिरला. समितीच्या शिक्क्यावरून त्याने आपल्या कारखान्यात एक लहानसे पदक घडवून घेतले. साखळ्यांनी जखडलेला एक काळा माणूस गुडघ्यावर बसला आहे, हात जोडले आहेत आणि भोवतीच्या अक्षरांत तो विचारतो आहे की मीही माणूस नव्हे काय, तुमचा भाऊ नव्हे काय. ही पदके त्याने विकली नाहीत, वाटली. १७८८ मध्ये काही अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिनकडे धाडली. लोकांनी ती डब्यांच्या झाकणांवर बसवली, बायकांनी बांगड्यांत आणि केसांच्या काट्यांत घातली. ज्याने घरोघरी कोणती बशी शोभते हे शिकवले, त्यानेच घरोघरी हा प्रश्न नेऊन ठेवला. आज आपल्याला त्या गुडघ्यावर बसलेल्या आकृतीत याचना अधिक आणि मान कमी दिसेल, पण त्या काळी त्या पदकाने पुष्कळांची झोप उडवली. १७९१ नंतर अनेक इंग्रज घरांनी वेस्ट इंडीजची साखर घेणेच बंद केले. ब्रिटनने गुलामांचा व्यापार १८०७ मध्ये कायद्याने थांबवला. ते पाहायला जोसाया राहिला नाही.

३ जानेवारी १७९५ रोजी एट्रुरियातल्या आपल्या घरी तो वारला. भाड्याच्या भट्टीपासून सुरुवात केलेल्या या कुंभाराने मागे प्रचंड संपत्ती ठेवली. पुढच्याच वर्षी त्याची थोरली मुलगी सुझाना हिचे लग्न रॉबर्ट डार्विन या डॉक्टरशी झाले. त्यांचा मुलगा चार्ल्स. या चार्ल्सने १८३९ मध्ये आपली मामेबहीण एमा वेजवुड हिच्याशी लग्न केले. ती जोसायाची नात, हा नातू. दोन्ही घरांकडून नव्या संसाराला मिळालेल्या पैशामुळे चार्ल्सला पोटासाठी नोकरी करावी लागली नाही. गांडुळे, कबुतरे, समुद्रातले कवचधारी प्राणी यांच्याकडे तो वर्षानुवर्षे निवांत पाहत राहू शकला आणि सजीवांच्या उत्पत्तीचा आपला ग्रंथ त्याने १८५९ मध्ये प्रसिद्ध केला. आजोबांनी मातीकडे ज्या चिकाटीने पाहिले होते, तीच चिकाटी नातवाच्या हाती आली, आणि तिला लागणारा वेळ त्या बश्यांनीच मिळवून दिला होता.